पदवीचे मोल आणि अभ्यासक्रमांचे आत्मपरीक्षण

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेच्या आयुष्यात पन्नासावे वर्ष हे आनंदाचे असते, तसेच ते हिशेबाचेही असते. व्यापारी घराण्यांत वाढलेल्या समाजाला हिशेबाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. दिवाळीत वहीपूजन होते, पण त्याआधी जुनी खाती तपासली जातात, येणे-देणे ताडून पाहिले जाते, बुडीत काय आणि शिल्लक काय याचा निर्णय होतो. पूजा नव्या वहीची असली तरी तिचे सामर्थ्य जुन्या वहीच्या तपासणीत असते. असाच हिशेब उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात कसा मांडला जातो, विद्यापीठाचा एखादा अभ्यासक्रम उत्तम की सामान्य हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवितो, आणि उणीव आढळली तर ती दूर कशी होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय वरवर पाहता प्राध्यापकांचा वाटेल. वास्तविक तो प्रत्येक घराचा आहे. दरवर्षी मे-जून महिन्यांत पनवेलच्या घराघरांत एकच चर्चा सुरू असते : मुलाला किंवा मुलीला कोणत्या महाविद्यालयात घालावे? चौकशी होते ती शुल्काची, टक्केवारीची, इमारतीची, स्थानकापासूनच्या अंतराची. मात्र तेथील अभ्यासक्रम शेवटचा केव्हा बदलला, का बदलला आणि बदलल्यानंतर विद्यार्थ्यांना अधिक काही येऊ लागले काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शंभर रुपयांचे कापड घेताना पोत चुरगळून पाहणारा ग्राहक मुलाच्या आयुष्यातील तीन-चार वर्षांचा सौदा मात्र पाटीवरचे नाव वाचून करतो. ही विसंगती दूर व्हावी, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

वास्तू आणि विद्या

पनवेलची बहुतेक महाविद्यालये ज्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले हे विद्यापीठ प्रारंभी शिकवीत नव्हते. ते परीक्षा घेत असे आणि पदव्या देत असे. अध्यापन महाविद्यालयांनी करावयाचे, अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाने ठरवावयाच्या, अशी ही विभागणी होती. पुढे विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग सुरू झाले, तरी संलग्न महाविद्यालयांच्या बाबतीत ही विभागणी आजही मोठ्या प्रमाणात कायम आहे. गुणवत्तेच्या अनेक प्रश्नांचे मूळ तिच्यात आहे. कारण जो शिकवितो तो अभ्यासक्रम ठरवीत नाही, आणि जो ठरवितो त्याला वर्गात काय घडते ते रोज दिसत नाही.

या विद्यापीठाच्या इतिहासात जैन समाजातील एका दानशूर व्यापाऱ्याचे नाव कायमचे कोरले गेले आहे. ते म्हणजे प्रेमचंद रायचंद. त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेला तो मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि प्रेमचंदांच्या मातोश्रींच्या नावाने ‘राजाबाई टॉवर’ म्हणून ख्यातकीर्त झाला. मुंबईत येणारा प्रत्येक माणूस तो पाहतो. परंतु याच प्रेमचंदांनी १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या रकमेतून एखादी वास्तू उभी राहण्याऐवजी संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्वानांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. इतिहासकार जदुनाथ सरकार आणि न्यायमूर्ती आशुतोष मुखर्जी यांना ती मिळाली होती. त्याच आशुतोष मुखर्जींनी पुढे कलकत्ता विद्यापीठात पदव्युत्तर अध्यापनाची घडी बसविली आणि १९१९ मध्ये तेथे भारतीय भाषांचा एम. ए. अभ्यासक्रम सुरू झाला.

दाता एकच, रक्कमही तोलामोलाची. एका दानातून डोळ्यांना दिसणारा मनोरा उभा राहिला, दुसऱ्यातून माणसे घडली आणि त्या माणसांनी अभ्यासक्रम घडविले. दोन्ही दाने वंदनीयच आहेत. पण दुसऱ्या दानाची पाटी कोठे लागत नाही, म्हणून ते विस्मरणात जाते. शिक्षणातील गुणवत्तेचे नेमके असेच आहे.

न्यायमूर्ती रानडे यांचा आढावा

अभ्यासक्रमाचे परीक्षण ही कल्पना परदेशातून अलीकडे आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी दोघे. आपण ज्या विद्यापीठात शिकलो, त्याचा अभ्यासक्रम तपासून पाहण्याचा अधिकार आणि कर्तव्य माजी विद्यार्थ्याला आहे, हे रानडे यांनी कृतीतून दाखवून दिले.

१८६० च्या दशकात मराठी, गुजराती यांसारख्या देशी भाषांना विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून दूर करण्यात आले आणि त्यांची जागा संस्कृतादी प्राचीन भाषांना मिळाली. देशी भाषांत विद्यापीठीय अध्ययनास योग्य असे वाङ्मय नाही, असा या निर्णयाच्या समर्थकांचा आक्षेप होता. रानडे यांनी या आक्षेपाला भावनेने उत्तर दिले नाही. प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथांची मोजदाद करून, त्यांचे विषयवार वर्गीकरण करून १८९८ मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर एक टिपण लिहिले. गद्य किती, पद्य किती, कोणत्या विषयांत भर पडली, कोणत्या विषयांत उणीव आहे, हे त्यांनी मांडले. अनेक वर्षांच्या या खटाटोपाला १९०१ मध्ये यश आले आणि एम. ए. च्या परीक्षेत मराठीसह देशी भाषांना प्रवेश मिळाला. त्याच वर्षीच्या १६ जानेवारीला रानडे यांचे निधन झाले.

या प्रसंगातून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, अभ्यासक्रमावरील टीका पुराव्यासह असली तरच ती टिकते. दुसरी, अशा सुधारणेस वेळ लागतो. येथे तर जवळजवळ चार दशके गेली. तिसरी, आजच्या काळात विशेष लक्षात ठेवावी अशी : रानडे यांचा आग्रह नोकरीसाठी नव्हता. जी भाषा लोक बोलतात तिच्याशी नाते तुटलेली विद्या समाजाच्या उपयोगी पडणार नाही, ही त्यांची धारणा होती. म्हणून अभ्यासक्रमाची गुणवत्ता मोजताना ‘नोकरी किती जणांना लागली’ एवढा एकच काटा पुरत नाही.

आजचे परीक्षक कोण?

आज ही जबाबदारी कायद्याने वाटून दिलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक विषयाचे किंवा विषयगटाचे एक अभ्यास मंडळ असते. ते अभ्यासक्रम तयार करते आणि विद्यापरिषद त्यास मान्यता देते. म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या पुस्तकाचा उगम या मंडळाच्या बैठकीत होतो. पण विद्यार्थ्याच्या पालकांना या मंडळाचे नावही बहुधा माहीत नसते.

याशिवाय बाहेरून तपासणी करणाऱ्या दोन राष्ट्रीय संस्था आहेत आणि दोन्ही १९९४ मध्ये स्थापन झाल्या. पहिली, बंगळुरू येथील राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, जिला सर्वजण ‘नॅक’ म्हणून ओळखतात. दुसरी, तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणासाठीचे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, म्हणजे ‘एनबीए’. दोहोंमधील फरक पालकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते. एनबीए मात्र एकेका अभ्यासक्रमाची तपासणी करते. एकाच अभियांत्रिकी महाविद्यालयातील संगणक शाखेला एनबीएची मान्यता असू शकते आणि स्थापत्य शाखेला ती नसूही शकते. भारत २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन करार’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा पूर्ण सदस्य झाला. त्यामुळे या मंडळाने मान्य केलेल्या काही अभियांत्रिकी पदव्यांची समकक्षता इतर सदस्य देशांत विचारात घेतली जाते. परदेशी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुले पाठवू इच्छिणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

नॅकच्या मूल्यांकनाचे सात निकष आहेत : अभ्यासक्रम; अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन; संशोधन, नवोपक्रम व विस्तारकार्य; पायाभूत सुविधा; विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य व त्यांची प्रगती; प्रशासन व नेतृत्व; आणि संस्थेची मूल्ये व उत्तम प्रथा. २०१७ मध्ये सुधारलेल्या पद्धतीत संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण १,००० गुणांपैकी ३५० गुण अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन यांना ठेवण्यात आले, तर पायाभूत सुविधांना १००. राष्ट्रीय पातळीवरील परीक्षकांनी इमारतीच्या साडेतीन पट वजन वर्गातील कामास दिले. महाविद्यालय पाहावयास गेलेला पालक मात्र प्रवेशद्वार, उद्वाहक आणि वातानुकूलित सभागृह पाहून परत येतो. त्याने वजनाचे हे प्रमाण ध्यानात ठेवले तरी निवड बरीच सुधारेल.

संस्थेला मिळालेली श्रेणी आणि विद्यार्थ्याला मिळणारे शिक्षण यांत अंतर असू शकते, याचे उदाहरण मुंबई विद्यापीठाच्याच इतिहासात आहे. २००१ मध्ये विद्यापीठाला पंचतारांकित दर्जा मिळाला, २०१२ मध्ये ‘अ’ श्रेणी मिळाली आणि २०२१ मध्ये ४ पैकी ३.६५ गुणांसह ‘अ++’ ही सर्वोच्च श्रेणी मिळाली. या वाटचालीच्या मध्येच २०१७ चा उन्हाळा आला. त्या वर्षी उत्तरपत्रिकांची संगणकाच्या पडद्यावर तपासणी करण्याची पद्धत एकदम मोठ्या प्रमाणावर लागू करण्यात आली. पुरेशी चाचणी व प्रशिक्षण नसल्याने निकाल महिनोन्महिने रखडले, कित्येकांच्या पुढील प्रवेशांचा खोळंबा झाला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पद्धत मुळात चुकीची नव्हती. आज अनेक ठिकाणी ती रुळली आहे. सुधारणेची आधी लहान प्रमाणावर परीक्षा घ्यावी लागते, ही पायरी गाळली गेली. नवे यंत्र आणल्यावर त्यावर पहिल्याच दिवशी सर्व माल चढविणारा कारखानदार कोणी शहाणा मानणार नाही.

परीक्षण प्रत्यक्षात कसे होते?

एखाद्या अभ्यासक्रमाचे परीक्षण म्हणजे नेमके काय, हे उदाहरणाने पाहू. वाणिज्य शाखेतील करविषयक अभ्यास घ्या. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ रोजी देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला. पनवेलच्या कापड बाजारातील आणि मिरची गल्लीतील प्रत्येक दुकानदाराला त्या दिवसापासून बिलाचा नमुना बदलावा लागला. अशा वेळी अभ्यासक्रमात जुन्या कराचे नाव काढून नवे घालणे ही झाली दुरुस्ती. परीक्षण त्यापुढे जाते आणि चार प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न : हा अभ्यास पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे? ‘कायद्याचे ज्ञान होईल’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘दिलेल्या बिलांवरून तो जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रे अचूक भरील आणि भरलेल्या कराची वजावट मिळेल की नाही हे कारणासह सांगेल’ हे तपासता येण्यासारखे उत्तर झाले.

दुसरा प्रश्न : अध्यापन त्या दिशेने होते काय? विवरणपत्र भरणे हे कौशल्य असेल तर ते फळ्यावर सांगून येणार नाही. संगणकासमोर बसूनच यावे लागेल.

तिसरा प्रश्न : परीक्षा तेच तपासते काय? येथे अनेक अभ्यासक्रम उघडे पडतात. उद्दिष्टांत ‘विश्लेषण’ लिहिलेले असते आणि प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या लिहा’ आणि ‘टीपा लिहा’ एवढेच येते. विद्यार्थी हुशार असतो. परीक्षेत जे विचारतात तेच तो शिकतो. त्यामुळे एखाद्या अभ्यासक्रमाची खरी उद्दिष्टे जाणून घ्यावयाची असतील तर त्याच्या मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात. त्या फसवीत नाहीत.

चौथा प्रश्न : निकालातून काय शिकलो? प्रत्येक प्रश्न कोणत्या उद्दिष्टाशी निगडित आहे याची नोंद ठेवली, तर वर्गातील किती जणांना कोणती गोष्ट आली आणि कोणती आली नाही हे समजते. समजा, साठांपैकी पंचेचाळीस विद्यार्थ्यांना कराचे दर सांगता आले, पण वजावटीचे गणित केवळ अठरा जणांना जमले. मग पुढील वर्षी त्या घटकाला तासिका वाढवाव्यात, सराव वाढवावा आणि वर्षअखेर पुन्हा मोजावे. अठराचे तीस झाले तर सुधारणा झाली; अठराच राहिले तर उपाय चुकला. मोजणे, कारण शोधणे, बदल करणे आणि पुन्हा मोजणे, हे चक्र म्हणजेच अभ्यासक्रमाचे परीक्षण.

ब्रिटनमध्ये याला आणखी एक जोड आहे. तेथे पदवी अभ्यासक्रमांसाठी दुसऱ्या विद्यापीठातील प्राध्यापक बाह्य परीक्षक म्हणून नेमलेला असतो. तो प्रश्नपत्रिका व तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे नमुने पाहून येथील प्रथम श्रेणी अन्यत्रच्या प्रथम श्रेणीच्या तोलाची आहे की नाही, हे लेखी कळवितो. आपले वजन दुसऱ्याच्या काट्यावर करून घेण्याची ही तयारी आहे.

कागदी घोड्यांचा धोका

या व्यवस्थेला एक मोठी कीड लागू शकते. परीक्षण सुधारणेसाठी न करता श्रेणीसाठी केले जाऊ लागले की कागद वाढतात आणि शिक्षण घटते. समिती येणार म्हणून भिंती रंगविल्या जातात, कुंड्या मांडल्या जातात, न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते लिहिली जातात. अध्यापकाचा वेळ वर्गातून निघून तक्ते भरण्यात जातो. उद्दिष्टपूर्तीचे आकडे आधी ठरतात आणि गुण मागाहून त्यांच्याशी जुळविले जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या एका तपासणी समितीतील सदस्यांना अटक केली. त्याआधीच, २०२४ मध्ये, श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ अथवा ‘अधिस्वीकृत नाही’ असा द्विपर्यायी निर्णय देण्याच्या पद्धतीकडे जाण्याची घोषणा झाली होती. नियम बदलतील, पुन्हा बदलतील. परंतु ज्याला स्वतःला फसवावयाचे आहे, त्याला कोणताही नियम अडवू शकत नाही.

येथे श्रोत्यांच्या परिचयाच्या एका आचाराचे स्मरण होते. जैन परंपरेत प्रतिक्रमण हे दिवसातून दोन वेळा आहे. शिवाय ते पाक्षिक आहे, चातुर्मासिक आहे आणि सांवत्सरिकही आहे. ज्याने वर्षभर दैनंदिन दोषांकडे पाहिले नाही, त्याने केवळ संवत्सरीच्या दिवशी हात जोडले तर ते पुरेसे होत नाही, हे प्रत्येक घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. शिवाय त्यात दोष आधी स्वतः उच्चारावयाचा असतो. तो दुसऱ्याने शोधून काढण्याची वाट पाहावयाची नसते. अभ्यासक्रमाचेही तसेच आहे. अध्यापकाने दररोजच्या तासानंतर, विभागाने प्रत्येक सत्रानंतर, महाविद्यालयाने दरवर्षी आणि बाह्य समितीने काही वर्षांनी, असे परीक्षणाचे टप्पे आहेत. नॅकनेही बाह्य भेटीपूर्वी संस्थेने स्वतः लिहिलेला स्वयं-अध्ययन अहवाल आणि दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल मागितला, तो याच हेतूने. शेवटचा टप्पा तेवढा गाजतो; पण पहिले तीन टप्पे नसतील तर तो केवळ उत्सव ठरतो.

पनवेलची विशेष जबाबदारी

आता आपल्या गावाकडे वळू. एकेकाळी पनवेल भाताच्या व्यापारासाठी आणि बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. येथील चाकाची परीक्षा दुकानात होत नसे. बोरघाटाच्या चढावर होत असे. आज या गावाभोवती तळोजा व पाताळगंगा येथील औद्योगिक वसाहती आहेत, जवळ न्हावाशेवा बंदर आहे आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळही आहे. आजच्या पदवीधराचा घाट तो हाच. रसायनशास्त्राचा पदवीधर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उभा राहू शकतो काय, वाणिज्य पदवीधर मालवाहतुकीचे कागद समजू शकतो काय, आणि त्याचबरोबर आपल्या भाषेत चार स्वच्छ वाक्ये लिहू शकतो काय, हे येथेच कसोटीस लागणार आहे.

ही जबाबदारी आता कलिना येथील विद्यापीठ कार्यालयावर सोडून देता येणार नाही. महाविद्यालयांना स्वायत्तता द्यावी, अशी शिफारस डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात केली होती. आज नवीन पनवेलमधील चांगू काना ठाकूर महाविद्यालय, पिल्लई अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्था स्वायत्त आहेत. पदवी मुंबई विद्यापीठाची असली तरी अभ्यासक्रम येथेच ठरतो आणि परीक्षाही येथेच होते. म्हणजे १८५७ पासून चालत आलेली ती विभागणी काही प्रमाणात मिटली आहे. जो शिकवितो तोच ठरवितो. स्वातंत्र्य वाढले तसे उत्तरदायित्वही घरी आले. स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळात उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी आणि माजी विद्यार्थी असावा अशी तरतूद आहे. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातही स्थानिक समाजाच्या प्रतिनिधीला स्थान आहे. या जागा शोभेच्या नाहीत. समाजातील अनुभवी उद्योजकांनी, सनदी लेखापालांनी, डॉक्टरांनी त्या स्वीकाराव्यात, आणि स्वीकारल्यास बैठकीपूर्वी प्रश्नपत्रिका वाचून जावे.

दुसरे काम याहून सोपे आणि याहून महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीची नवी रचना लागू झाली. तिच्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. प्रात्यक्षिक कामाच्या एका श्रेयांकासाठी साधारणतः तीस तास अपेक्षित असतात. हे प्रशिक्षण कोठे होणार? येथील दुकानांत, पेढ्यांत, गोदामांत, कारखान्यांत. ओळखीच्या मुलाला एक दिवसही न बोलावता शिक्का मारून प्रमाणपत्र देणे सोपे असते, आणि त्यात आपण उपकार केला असे वाटते. प्रत्यक्षात त्या एका सहीने त्या मुलाचे शंभराहून अधिक तासांचे शिक्षण हिरावले जाते आणि अभ्यासक्रमाच्या हिशेबात खोटी नोंद पडते. जो व्यापारी आपल्या वहीत खोटा आकडा सहन करीत नाही, त्याने विद्यार्थ्याच्या वहीतही तो लिहू नये.

श्रमाला शिक्षणात स्थान देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा व शिका’ ही योजना रुजविली. १९४७ मध्ये सातारा येथे त्यांनी छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले, ते याच तत्त्वावर. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय त्याच रयत परिवारातील आहे. कर्मवीरांच्या वसतिगृहातील मुलगा जे काम करी ते खरे काम होते. म्हणूनच त्यातून मिळालेली विद्याही खरी ठरली.

तिसरे काम समाजातील विश्वस्त संस्थांचे. शिष्यवृत्ती देताना गुणपत्रिका पाहिली जाते, ते योग्यच आहे. त्याबरोबर विद्यार्थी ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेत आहे त्याची अधिस्वीकृती, शेवटची पुनर्रचना आणि मागील प्रश्नपत्रिका हेही पाहिले जावे. शिष्यवृत्तीधारकाला वर्षअखेर बोलावून ‘किती गुण मिळाले?’ याच्या जोडीला ‘काय करता येऊ लागले?’ असे विचारावे. अशी उत्तरे दहा वर्षे जपून ठेवली, तर कोणत्या महाविद्यालयाचा कोणता अभ्यासक्रम खरोखर घडवितो याची एक विश्वसनीय नोंद गावापाशी तयार होईल. रानडे यांनी ग्रंथांची मोजदाद केली. येथे अनुभवांची मोजदाद होईल. दानाचा काही भाग खोल्यांऐवजी प्रयोगशाळेतील रसायनांसाठी, ग्रंथालयातील नव्या आवृत्त्यांसाठी आणि अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा, हीही सूचना येथे करावीशी वाटते. अशा दानाची संगमरवरी पाटी लागणार नाही. पण त्याचे फळ प्रेमचंद रायचंदांच्या कलकत्त्यातील दानासारखे पिढ्यान्पिढ्या मिळत राहील.

आणि विद्यार्थी मित्रांनो, अभिप्रायाचा अर्ज हाती आल्यावर तो पाच सेकंदांत ‘उत्तम, उत्तम, उत्तम’ अशा खुणा करून परत करू नका. जे समजले नाही ते स्पष्ट पण विनयाने लिहा. तुमच्यानंतर येणाऱ्या वर्गाचे शिक्षण त्या कागदावर अवलंबून आहे.

पन्नास वर्षांपूर्वी संस्थेची पायाभरणी करणाऱ्यांनी दगड निवडताना तो ठोकून पाहिला असेल. आवाज खणखणीत आला तोच पायात घातला असेल. पदवी हाही पुढच्या पिढीच्या आयुष्याचा पायाच आहे. तो ठोकून पाहण्याचा हक्क आणि सवय या गावाला लागो. येणारी पन्नास वर्षे संस्थेच्या हातून ज्ञानदानाचे हे कार्य अधिक डोळसपणे घडो, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!